कच्च्या कामालाही गुण द्या

प्रति,
माननीय शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

विषय : विद्यार्थ्यांच्या व्हिडिओ आणि ग्राफिक डिझाइन प्रकल्पांचं मूल्यमापन

माननीय महोदय,

शाळेच्या प्रकल्पात कार्डशीटची जागा आता मोठ्या प्रमाणात फोननं घेतली आहे. पाणी वाचवा, मतदान जागृती, वृक्षारोपण, स्नेहसंमेलनाची पत्रिका, पंधरा ऑगस्टची एक मिनिटाची चित्रफीत असं बरंच काही आठवी-नववीची मुलं फोनवर तयार करतात आणि शाळेच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकतात. धाराशिव जिल्ह्याच्या भूम तालुक्यातलं ईट हे आमचं गाव याला अपवाद नाही. हे चांगलंच आहे. मुलं बघण्याकडून बनवण्याकडे सरकत आहेत. माझं म्हणणं या कामाला आपण गुण कशाचे देतो याबद्दल आहे. आज गुण मिळतात ते शेवटी हातात आलेल्या वस्तूला. माझी मागणी अशी आहे की पक्क्या कामाला जितके गुण, तितकेच त्याच्याआधीच्या कच्च्या कामाला मिळावेत. कच्चं काम म्हणजे कागदावरची रेखाटनं, टाकून दिलेली मांडणी, कापलेली दृश्यं, बदललेली वाक्यं आणि या प्रत्येक बदलाचं मुलानं दिलेलं कारण. ही मागणी सगळ्याच शाळांसाठी आहे, पण ईटसारख्या गावातल्या शाळांना तिची गरज जास्त आहे, आणि ती का हे नीट मांडण्यासाठी हे पत्र.

तयार वस्तू पाहून आपण नेमकं काय मोजतो, इथून सुरुवात करू. कॅनव्हा, काइनमास्टर, पिक्सेललॅब यांसारख्या अॅपमध्ये तयार साचे असतात. साचा निवडायचा, नाव बदलायचं, फोटो चिकटवायचा आणि दहा मिनिटांत पोस्टर तयार. ते दिसायला नीटनेटकं असतं, पण त्यातली रंगसंगती, अक्षरांचे आकार, मोकळी जागा हे सगळे निर्णय दुसऱ्या कुणीतरी आधीच घेतलेले असतात. ज्या मुलानं साचा न वापरता स्वतः मांडणी करायचा प्रयत्न केला, त्याचं पोस्टर पहिल्या वर्षी बहुधा वेडंवाकडंच दिसणार. दोन्ही शेजारी ठेवून गुण दिले तर साचा जिंकतो. चित्रफितीतही तेच. ज्याच्या घरी चांगल्या कॅमेऱ्याचा फोन आहे आणि दीडशे रुपयांचा का होईना माइक आहे, त्याची चित्रफीत स्वच्छ दिसते आणि ऐकू येते. आपण गुण देतो साच्याला आणि फोनला, आणि समजतो की मुलाला दिले.

फोन कुणाच्या हातात आहे, हाही प्रश्न आहेच. ग्रामीण भारतातल्या मुलांची पाहणी करणाऱ्या 'असर'च्या २०२४ च्या अहवालात १४ ते १६ वयोगटातल्या सुमारे ९० टक्के मुलामुलींच्या घरी स्मार्टफोन असल्याचं दिसतं. पण फोन वापरता येणाऱ्यांपैकी स्वतःचा फोन असलेले मुलगे सुमारे ३६ टक्के आहेत, तर मुली सुमारे २७ टक्के. फोन घरात आहे याचा अर्थ तो मुलीच्या हातात आहे असा होत नाही. तो वडिलांबरोबर शेतात जातो, भावाबरोबर तालुक्याला जातो आणि रात्री तासभर तिच्या वाट्याला येतो. अशी मुलगी संकलनावर तीन-तीन संध्याकाळी घालवू शकत नाही. पण वही तिच्याकडे दिवसभर असते. दृश्यांचा क्रम, कुठलं दृश्य जवळून, कुठलं लांबून, आवाज कुठे आणि शांतता कुठे, हे सगळं ती कागदावर ठरवू शकते आणि त्यात ती फोनवाल्या मुलाच्या पुढेही जाऊ शकते. कच्च्या कामाला गुण दिले तर ही मुलगी मोजमापात येते. एरवी ती मोजमापाबाहेरच राहते, आणि तिला कला जमत नाही असा शेरा तिच्या प्रगतिपुस्तकात पडतो.

याच अहवालातली आणखी एक गोष्ट आपण पाहावी. पाहणीच्या आदल्या आठवड्यात या वयाच्या, फोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी सुमारे ५७ टक्के मुलांनी फोन शिक्षणाशी संबंधित कामासाठी वापरला होता, तर समाजमाध्यमांसाठी सुमारे ७६ टक्के मुलांनी. चित्रफितींच्या जगात ही मुलं आधीच राहतात. चित्रफीत कशी बनते हे त्यांना कुणी दाखवलेलं नाही, एवढंच. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले, आणि २०२० साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. मुलांना घरबसल्या पाठ पाहता-ऐकता यावेत यासाठी ते मोठंच पाऊल होतं. मात्र त्यात मूल प्रेक्षक होतं. आता ते कर्ता व्हायला निघालं आहे, आणि कर्त्याचं मूल्यमापन प्रेक्षकाच्या नजरेनं करून चालणार नाही.

कच्चं काम म्हणजे काय हे मोघम राहू नये म्हणून आमच्याच तालुक्यातला एक विषय घेतो. भूम तालुका खव्यासाठी ओळखला जातो, आणि कुंथलगिरीच्या खव्याला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. समजा, नववीतल्या एका मुलीनं खव्याच्या भट्टीवर एक मिनिटाची चित्रफीत करायची ठरवली. भट्टीच्या शेडमध्ये अंधार असतो आणि जाळ मात्र झगझगीत. फोन जाळाचा उजेड धरतो आणि कढई काळी पडते. पडद्यावर बोट दाबून उजेड कढईवर स्थिर करायचा, की भल्या सकाळी दारातून ऊन येतं तेव्हा जायचं, हा तिचा पहिला निर्णय. दूध आटायला बराच वेळ लागतो आणि तिच्याकडे आहे एकच मिनिट. सोपा उपाय म्हणजे सगळं पळवून दाखवायचं. पण तसं केल्यावर उलथणं फिरवणाऱ्या माणसाचा हात खुळ्यासारखा धावताना दिसतो आणि कष्टाची चेष्टा होते, हे तिच्या लक्षात येतं. मग ती दुसरी वाट शोधते : एकाच जागी उभं राहून कढईची तीन दृश्यं घ्यायची, काठोकाठ भरलेली, अर्ध्यावर आलेली आणि तळाशी घट्ट गोळा उरलेली. वेळ मधल्या दोन कापांत गेला, हे पाहणाऱ्याला आपोआप कळतं. पार्श्वसंगीत म्हणून तिनं आधी सिनेमातलं गाणं लावलेलं असतं. ते काढून ती कढईच्या बुडाला उलथणं घासल्याचा आवाज ठेवते. साधारण पाच लिटर दुधाचा किलोभर खवा होतो, ही ओळ तिनं सुरुवातीला लिहिली होती. ती शेवटी नेते, कारण दूध आटताना पाहून झाल्यावर तो आकडा पटतो आणि आधी तो नुसता आकडा असतो.

एवढे निर्णय, आणि यातला एकही शेवटच्या चित्रफितीत वेगळा ओळखू येत नाही. गाणं काढलं हे न लावलेल्या गाण्यावरून कसं कळणार? ओळ हलवली हे हलवलेल्या जागेवरून कसं दिसणार? पाहणाऱ्या शिक्षकाला एक मिनिटाची साधी, थोडी अंधारी चित्रफीत दिसते. शेजारच्या गटाच्या चित्रफितीत मात्र ड्रोनमधून टिपलेली, कुठूनतरी उतरवलेली हिरवी शेतं आहेत, धावती अक्षरं आहेत आणि जोशपूर्ण संगीत आहे. शिकणं जिथे झालं ती वही कुणी मागितलीच नाही, तर शिकणाऱ्या मुलीला पुढच्या वेळी असं शिकण्याचं काही कारण उरत नाही. ती साचा वापरायला लागते. हे नुकसान मला सगळ्यांत मोठं वाटतं.

मराठी माणसांच्या हातून घडलेला या कलेचा इतिहासही कच्च्या कामाच्याच बाजूनं बोलतो. दादासाहेब फाळके १९१२ साली लंडनला जाऊन विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन आले, तेव्हा त्यांच्याकडे पैसे नव्हते आणि त्यांच्यावर विश्वास ठेवणारंही फारसं कुणी नव्हतं. त्यांनी थेट मोठ्या चित्रपटाला हात घातला नाही. कुंडीत वाटाण्याचं रोप लावलं आणि ते उगवून वाढेपर्यंत थोडी थोडी फिल्म खर्च करत त्याचं चित्रण केलं. 'अंकुराची वाढ' हे त्याचं नाव. यातून त्यांना तंत्रावरची पकड आली आणि पैसे पुरवणाऱ्याला भरवसा आला. मग ३ मे १९१३ रोजी 'राजा हरिश्चंद्र' मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लोकांसमोर आला. त्यापुढची गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. १९१७ साली याच फाळक्यांनी चित्रपट कसे तयार होतात यावरच एक चित्रपट केला. दिग्दर्शन, चित्रण, फिल्म धुणं, जोडणं हे त्यांनी पडद्यावर आणलं. त्याच सुमारास 'नवयुग' मासिकात लेख लिहून आपल्या धडपडीची हकिगतही त्यांनी मांडली. या देशात ज्यानं चित्रपटाचा धंदा उभा केला, त्याला आपली प्रक्रिया दडवून ठेवावीशी वाटली नाही. ती लोकांना दाखवण्यासारखी गोष्ट आहे, असं त्यानं मानलं.

कोल्हापूरचे बाबूराव पेंटर मुळात चित्रकार. चित्रीकरणाआधी ते पात्रांची आणि पोशाखांची रेखाटनं करत. मराठीबाहेर, सत्यजित राय यांनीही 'पथेर पांचाली' या चित्रपटासाठी रीतसर पटकथेऐवजी दृश्यांची रेखाटनं केली होती, आणि आज आपण त्यांना थोर म्हणतो तेव्हा त्या रेखाटनांचीही चर्चा करतो. आमच्या भागाच्या अधिक जवळचं उदाहरण नागराज मंजुळे यांचं. करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे मंजुळे अहमदनगरला संज्ञापन अभ्यासक्रमाचे विद्यार्थी असताना त्यांनी 'पिस्तुल्या' हा लघुपट केला, आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. 'फँड्री' आणि 'सैराट' नंतर आले. विद्यार्थ्याचा प्रकल्प हे गुणांपुरतं उरकायचं काम नाही, तो खऱ्या कामाचा आरंभ असू शकतो, हे आमच्या शेजारच्याच जिल्ह्यांनी दाखवून दिलं आहे. ईटच्या मुलाला 'सैराट' माहीत आहे. त्याला ठाऊक नसतं ते हे की त्या चित्रपटाआधी एक विद्यार्थी होता, त्याच्यासमोर एक अभ्यासक्रम होता आणि छोट्या लांबीत शिकून घ्यायची एक पायरी होती.

ग्राफिक डिझाइनमध्ये तर मराठी मुलाला कच्च्या कामाशिवाय गत्यंतर नाही, कारण बहुतेक साचे रोमन अक्षरांसाठी घडलेले असतात. त्यात देवनागरी टाकली की वेलांटी वरच्या ओळीला भिडते, उकार खालच्या ओळीत घुसतात, आणि एखाद्या अॅपमध्ये 'ज्ञ' किंवा 'श्र' पाय मोडून सुटा होतो. ओळींमधलं अंतर वाढवायचं, की फॉन्ट बदलायचा, की शब्दच दुसरा घ्यायचा, हे मुलाला प्रत्येक वेळी ठरवावं लागतं. संगणकावर वर्षानुवर्षं पाहिलेला 'मंगल' हा फॉन्ट र. कृ. जोशी यांनी केला. जाहिरातीच्या क्षेत्रात काम केलेला आणि मुंबईच्या आयआयटीत शिकवणारा हा माणूस आयुष्यभर अक्षराच्या वळणांचा अभ्यास करत राहिला. नाटकांच्या जाहिरातींतली कमल शेडगे यांची अक्षरं मराठी माणूस नाव न वाचताही ओळखतो. इतकी मोठी परंपरा मागे असताना आमच्या मुलांनी चौकातल्या फ्लेक्सवरची पिवळ्या कडेची जाड लाल अक्षरं तेवढी उचलावीत, याचं वाईट वाटतं. दोष फ्लेक्सच्या दुकानदाराचा नाही. त्याला तासाभरात बॅनर द्यायचा असतो. शाळेला तशी घाई नसते, म्हणून पाच प्रकारे लिहून पाहायची सवय शाळेनंच लावायला हवी.

या मागणीवर आक्षेप येतील, आणि त्यांतले काही खरे आहेत. पहिला शिक्षकांचा. प्रकल्पांच्या नोंदी, ऑनलाइन माहिती भरणं, प्रशिक्षणं या सगळ्यात आणखी एक वही तपासायची कुणी? शिवाय खेड्यातल्या कित्येक शाळांत स्वतंत्र कलाशिक्षकच नाही. शिक्षण हक्क कायद्यानं उच्च प्राथमिक वर्गांत शंभराहून जास्त पट असलेल्या शाळेला कलेसाठी अर्धवेळ निदेशक सांगितला आहे, पण लहान पटाच्या शाळांना तोही नाही. हा आक्षेप मी हलका मानत नाही. म्हणून वही घरी नेऊन तपासण्याची पद्धत मुळातच नको. चाळीस मुलांचा वर्ग चार-चारच्या गटांत बसवला तर दहा गट होतात. प्रत्येक गटाला पाच मिनिटं दिली तर पन्नास मिनिटं, म्हणजे दोन तासिकांच्या आत काम होतं. कागदावरची आखणी झाल्यावर एकदा, कच्ची जुळणी झाल्यावर एकदा आणि शेवटी एकदा अशा तीन बैठका घेतल्या तर सहामाहीत सहा तासिका लागतात. शिक्षकानं प्रत्येक वेळी एकच विचारायचं : गेल्या वेळेपासून काय बदललं आणि का? कलाशिक्षक नसला तरी भाषेचा किंवा भूगोलाचा शिक्षक हे विचारू शकतो. उत्तर ऐकायला चित्रकला यावी लागत नाही.

दुसरा आक्षेप लबाडीचा. कच्च्या कामाला गुण आहेत म्हटल्यावर मुलं पक्कं काम आधी करतील आणि कच्चं मागाहून रंगवतील, बाजारात तयार प्रकल्पांसारख्या तयार कच्च्या वह्याही येतील. ही भीती रास्त आहे. आपल्याकडे २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं आणि त्यातल्या वर्णनात्मक नोंदी कितीतरी ठिकाणी छापील पुस्तिकांतून उतरवल्या गेल्या. तिथे चूक नोंदीच्या कल्पनेत नव्हती. नोंद आणि मूल यांची समोरासमोर गाठ पडत नव्हती, हा दोष होता. वर्गात इतर गटांसमोर कच्ची जुळणी दाखवायची आणि त्यांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची असं ठेवलं तर उतरवलेली वही पहिल्या दोन प्रश्नांतच उघडी पडते. मुलं एकमेकांना फार नेमके प्रश्न विचारतात.

तिसरा आक्षेप बाहेरच्या जगाचा : गिऱ्हाइकाला निकाल हवा असतो, त्याला तुमची वही कोण दाखवणार? पण छापखान्यात प्रूफ दाखवल्याशिवाय पत्रिका छापत नाहीत, आणि जाहिरातीच्या कचेरीत एकच मांडणी घेऊन कुणी बैठकीला जात नाही. बदल सुचवला तर तो का घ्यायचा किंवा का नाही हे सांगता येणं, हीच त्या धंद्यातली मुख्य विद्या आहे. ती शाळेत शिकवली तर मुलगा व्यवहाराला अधिक तयार होतो.

चौथा मुद्दा कृत्रिम बुद्धिमत्तेचा, आणि माझ्या मते यानंच हा विषय निकडीचा केला आहे. एक वाक्य लिहिलं की पोस्टर मिळतं, दोन लिहिली की चित्रफीत. देवनागरी अक्षरं त्यात अजून बऱ्याचदा मोडकी निघतात, पण तेही सुधारेल. त्यानंतर नुसत्या तयार वस्तूवरून मुलाचं काम ओळखणं शिक्षकाच्या हातात राहणार नाही. या साधनांवर बंदी घालणं मला व्यवहार्य वाटत नाही. मुलानं यंत्राला काय विचारलं, काय मिळालं, त्यातलं काय नाकारलं आणि कुठल्या कारणानं, हे वहीत यावं. खव्याची भट्टी म्हणून यंत्रानं मिठाईच्या दुकानाचं चकचकीत चित्र दिलं आणि मुलीनं ते आमच्याकडच्या शेडसारखं नाही म्हणून टाकून दिलं, तर तिला पूर्ण गुण द्यावेत.

शासनाला यासाठी नवं काहीच उभारावं लागणार नाही. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांत संकल्पचित्राचा पेपर कित्येक पिढ्या चालत आला आहे, आणि इंटरमिजिएटच्या श्रेणीप्रमाणे दहावीला ७, ५ किंवा ३ वाढीव गुण मिळत असल्यानं मुलं तो मन लावून देतात. त्या पेपरला कच्च्या आराखड्याचा एक कागद जोडावा आणि त्याला स्वतंत्र गुण ठेवावेत. नववी-दहावीच्या स्व-विकास व कलारसास्वाद या विषयात आणि राज्य अभ्यासक्रम आराखड्यानुसार येणाऱ्या नव्या कलाशिक्षणात व्हिडिओ आणि डिझाइनच्या प्रकल्पांना निम्मे गुण प्रक्रियेचे असावेत. वही कागदाचीच असावी, म्हणजे फोन नसलेलं मूल मागे पडणार नाही. बालभारतीच्या पुस्तकांत एखादं गाजलेलं मुखपृष्ठ किंवा पोस्टर छापताना त्याचे टाकून दिलेले आराखडे मिळाले तर तेही शेजारी छापावेत. थोर माणसांची पहिली रेघही चुकते, हे मुलांना डोळ्यांनी दिसू द्या.

सगळ्या राज्यात एकदम करण्याआधी भूम तालुक्यातल्या शाळांमध्ये एक वर्ष हे करून पाहावं, अशी विनंती आहे. देखरेख जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेकडे द्यावी, आणि वर्षअखेरीस मुलांच्या वह्या, चित्रफिती आणि शिक्षकांचं म्हणणं एकत्र लोकांसमोर ठेवावं. किती तासिका खरोखर लागल्या, मुलींचा सहभाग वाढला का, साच्यांचा वापर कमी झाला का, हे त्यातून कळेल. माझा हिशेब कुठे चुकला असेल तर तेही कळेल. येत्या शैक्षणिक वर्षाचं नियोजन ठरण्याआधी याबाबत निर्णय व्हावा.

आपला,
ईट येथील एक नागरिक
ता. भूम, जि. धाराशिव